उजवा कौल

"गॅस आहे, पाणी बक्कळ आहे, ऊनही येतं," म्हणत घरमालकीण शियाओबाईंनी खोलीची खिडकी उघडली आणि एकदम मागे वळून विचारलं, "देवाबिवाचं काही नाही ना तुमचं?"

घरं दाखवणाऱ्या फंगबाईंच्या स्कूटरवर मागे बसून युएच्याओ सकाळपासून अख्खं जियायी शहर पालथं घालत होती. कुठे भाडं ऐकूनच दोघी दारातून मागे फिरल्या, कुठे मालकाने तिचे पांढरे केस पाहिले आणि खोली नेमकी कालच गेलेली निघाली. एकटी म्हातारी उद्या खोलीतच मेली तर पुढे भाडेकरू कुठून आणायचा, हे कोणी तोंडाने म्हणत नव्हतं इतकंच. शाळेच्या स्वयंपाकघरात हयात घालवलेल्या बाईची पेन्शन ती काय असणार! ही दुसऱ्या मजल्यावरची खोली मात्र तिला परवडत होती, आणि शियाओबाईंनी तिचं वयही विचारलं नव्हतं. तिचं राहतं घर महिनाअखेरीस पाडणार होते.

"गेलेल्या नवऱ्याच्या नावाची पाटी आहे, पूजेतली," ती म्हणाली. "लाकडाची, एवढीशी. एका कोपऱ्यात मावते."

शियाओबाईंनी खिडकी पुन्हा लावून घेतली. "मग नाही जमायचं, ताई."

"त्याचा काही त्रास नाही हो. जिवंत होता तेव्हाही चार शब्द बोलत नव्हता."

फंगबाई हसल्या. शियाओबाई हसल्या नाहीत. "खाली माझ्या सासूसासऱ्यांच्या पाट्या आहेत. दोन घरचे पितर एका छपराखाली नांदत नाहीत. आणि असं बघा, जिवंत माणसाला नोटीस दिली की तो निघतो. गेलेल्याला मी कशी काढू? तुम्ही या, तुम्हाला मी नाही म्हणत नाही. फक्त त्यांना आणू नका."

जिना उतरताना फंगबाई हळूच म्हणाल्या, "कपाटात ठेवा ना, मावशी. कोण बघायला येतंय?"

"उदबत्तीचा वास लपतो होय? आणि कपाटात कोंडायला तो काय चोर आहे?"

फंगबाई खजील झाल्या. स्कूटरची किल्ली बोटात फिरवत त्यांनी नदीपलीकडच्या मठाचं सांगितलं. तिथे अशा पाट्या ठेवून घेत. भिक्षुणी रोज उदबत्ती लावत. "माझी आई तिथेच आहे. पण आधी तुमच्या यजमानांना विचारा हं. त्यांच्या मनात नसेल तर नेऊ नये."

विचारायचं म्हणजे कौल लावायचा. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे जमिनीवर टाकायचे. एक पालथा आणि एक उताणा पडला की उजवा कौल, म्हणजे होकार.

युएच्याओला मनातून खात्री होती. तेनशौ जन्मभर रस्त्याच्या कडेला बसून स्कूटरची पंक्चरं काढत आला, आणि कसलंही विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "बघू." पंखा घ्यायचा, बघू. दुखरा दात काढायचा, बघू. लग्नाला हो म्हणायलाही त्याने इतका वेळ लावला की तिच्या वडिलांनी दुसरं स्थळ शोधायला घेतलं. असा माणूस जायला काही तयार व्हायचा नाही. मग तिला फंगबाईंना तोंड वर करून सांगता येणार होतं, की नवरा नको म्हणतो, दुसरी खोली बघा.

संध्याकाळी तिने खारवलेला मुळा घालून त्याच्या आवडीचं ऑम्लेट केलं, पाटीपुढे ठेवलं, सगळी हकीगत सांगितली आणि ठोकळे टाकले.

एक पालथा, एक उताणा.

"अरे, नीट ऐक की!" ती म्हणाली. "मठात जायचं म्हणतेय मी. तू एकटा. मी तिथे नसणार. आणि अंडंबिंडं काही मिळायचं नाही तिथे."

तिने पुन्हा टाकले. पुन्हा होकार.

रडू यायच्या आधी तिला राग आला. "जन्मात कधी एका शब्दात हो म्हणाला नाहीस. आणि आताच बरी घाई झाली तुला!"

ऑम्लेट पार थंड होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली. त्याने हो का म्हटलं ते तिला कळत होतं. आपण अडून बसलो तर ही उघड्यावर पडेल, हे त्याला दिसत होतं. ते कळत होतं म्हणूनच तिला फार वाईट वाटत होतं.

रविवारी फंगबाई भावाची गाडी घेऊन आल्या. पाटी लाल कापडात गुंडाळून युएच्याओने वेताच्या टोपलीत ठेवली, टोपली मांडीवर घेतली आणि गेलेल्याला ऊन लागू नये म्हणून वर काळी छत्री धरली. वाटेत गेलेल्या माणसाला सगळं सांगत न्यावं लागतं, नाहीतर तो मागेच राहतो. ती बोलत राहिली. "तेनशौ, डावीकडे वळतोय. ही तुझी जागा बघ, आता इथे चहा विकतात. आता सरळ... पूल आला हं, खाली पाणी आहे. घाबरू नकोस, माझ्या मागोमाग ये." तिचा घसा सुकला. फंगबाईंनी न सांगताच गाडीचा वेग कमी केला.

मठात भिक्षुणीने पाटी फळीवर इतर पाट्यांच्या रांगेत ठेवली. युएच्याओने ती बोटाने जरा सरळ केली. "शेजारी कोण आहेत ते विचारून घे," ती पुटपुटली. "लाजत बसू नकोस."

परतताना फंगबाई काही ना काही बोलत होत्या. शियाओबाईंनी खोलीला रंग लावून घेतला होता, किल्ली उद्याच मिळणार होती. युएच्याओ रिकामी टोपली मांडीवर धरून नुसतं हं हं करत होती. गाडी पुलावर चढली.

"पूल आला हं," ती म्हणाली. "मागोमाग ये."

फंगबाई बोलता बोलता थांबल्या.

युएच्याओने घाईघाईने काच खाली केली आणि मागे, मठाच्या दिशेने तोंड केलं. "नाही, नाही," ती म्हणाली. "येऊ नकोस. तू तिथेच थांब."

मग तिने काच वर केली आणि टोपलीचं झाकण लावून घेतलं.