चोविसावं पान

झेरॉक्सताईने मशीनच्या पोटात हात घालून अडकलेला कागद ओढून काढला आणि काउंटरपलीकडच्या मुलीकडे न बघताच विचारलं,

"कितवं पान नाही म्हणालीस?"

"चोविसावं. पहिल्याच पानावर लिहिलंय, एकूण पानं चोवीस. माझ्या संचात तेवीसच आहेत."

"मशीन खातं गं कधीकधी. म्हातारं झालंय."

मशीन बिचारं गेल्याच महिन्यात आलं होतं.

लॉ कॉलेजच्या फाटकासमोरच्या त्या चिंचोळ्या दुकानात ताई बावीस वर्षं बसत होती. कुबड्या काउंटरखाली, म्हणजे कुणाच्या पायात यायला नकोत. मुलं उठसूट "ताई, ताई" करायची आणि प्रती हातात पडल्या की तिला विसरून जायची. दिवसाकाठी शंभर माणसं यायची, पण "जेवलात का" म्हणून विचारणारं एक नाही. आता तर तिने वाट बघणंही सोडलं होतं.

मुलीच्या हातातला हा कोर्टाचा निकाल मात्र दरवर्षी प्रत्येकाला अभ्यासाला लागायचाच. चालता न येणाऱ्या सात वर्षांच्या एका मुलीला शाळेने दारातूनच परत पाठवलं. बाप आठ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिला, तेव्हा कुठे कोर्टाने ठणकावलं की मूल अपंग आहे म्हणून कुठल्याही शाळेला दार लावून घेता येणार नाही. मुलीचं नाव कुठेच नव्हतं, नुसतं 'अर्जदार मुलगी'.

"परीक्षेपुरतं तेवीस पानांत सगळं येतं," ताई म्हणाली.

"परीक्षेसाठी नाही हो." मुलगी घुटमळली. "माझी धाकटी बहीण आहे. तिला ऐकू येत नाही, म्हणून शाळा घेत नाहीये. आम्ही कोर्टात गेलोय, पण तारीख थेट पुढच्या वर्षाची पडली. आई म्हणते, पडू दे. त्या मुलीला आठ वर्षं लागली, तरी शेवटी गेलीच ना शाळेत!"

ताईचं बोट बटणावरच राहिलं.

"केवढी आहे बहीण?"

"पुढच्या महिन्यात चौदा पूर्ण होतील."

ताईने वाकून काउंटरखालून एक दप्तर वर घेतलं. लहान मुलीचं, जुनं, पण पट्ट्याला एक सुरकुती नाही. त्यातून तिने एकच कागद काढला.

मुलगी उभ्याउभ्याच वाचू लागली. शेवटच्या ओळींना तिचा आवाज बाहेर पडला.

"'...शाळेचा हा हक्क चौदा वर्षांपर्यंतच आहे. अर्जदार मुलगी आता पंधरा वर्षांची असल्याने तिला स्वतःला या निकालाचा लाभ देता येत नाही.'" तिने मान वर केली. "म्हणजे ती गेलीच नाही?"

"नाही."

बावीस वर्षांत ताईने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

"आजच्या आज वकिलाकडे जा," ती घाईने म्हणाली. "हे पान दाखव. वाढदिवसाच्या आतली तारीख मागायला लाव. हो-हो करून वाटेला लावेल, तरी तिथून हलू नकोस."

"पण ताई, हे पान कॉलेजात कुणाकडेच कसं नाही?"

"मी काढून ठेवते."

"का?"

ताईने मशीनची काच पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली.

"तेवीस पानांपर्यंत ती शाळेत जाते गं."

मुलगी काहीतरी विचारणार होती. पण तिची नजर दप्तरावर गेली, तिथून काउंटरखालच्या कुबड्यांवर. कागद छातीशी धरून ती पायरी उतरली, पुन्हा वळली.

"काय होतंय ते उद्या सांगायला येते, ताई. नक्की येते."

ती रस्ता ओलांडून दिसेनाशी झाली तसे ताईचे डोळे भरून आले. उद्यासाठी तेवीस पानांचे चाळीस संच पिना मारून तयार होते. तिने दप्तरातून चोविसाव्या पानाची आणखी एक प्रत काढली, काचेवर ठेवली.

"चल बाबा," ती मशीनवर खेकसली, "खाऊ नकोस हं आता."

पानं बाहेर पडू लागली, आणि ताई नखाने पहिल्या संचाची पिन उचकटायला बसली.