जिवतीचं न उघडलेलं पान

श्रीरामपूरच्या छापखान्यात आसारामनं दोनशे पुस्तकांचा गठ्ठा पुष्पावतीबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "बाई, कटिंगचं पातं धारेला नगरला गेलंय. वरची घडी न्हाई फुटली, आतली पानं मिटलेलीच हायत. परवा या."

"उद्या पंचमी. वारुळापाशी सगळ्या बाया एकदम भेटतील. द्या तशीच."

शाळेतल्या पुष्पावतीबाईंनी ही आठ पानांची चित्रकथा स्वतः काढली, स्वतःच छापून घेतली. अक्षर एकही नाही, कारण वाचणारीच कोण होती? बाईंची धाकटी बहीण सातव्या महिन्यात निर्जळी उपासानं गेली होती. आता शेजारच्या राहीबाईची सून लंका पोटुशी, आणि श्रावणातले सगळे शुक्रवार पाण्यावाचून करायचे ठरलेले. बाई स्वतः सगळी व्रतं करणाऱ्या, सांगायला गेल्या की राहीबाई म्हणे, "तुमी करता ते पुन्य, आमी केलं की पाप व्हय?" म्हणून हे पुस्तक. चित्रात लेकरांची राखण करणारी जिवती स्वतः उठून उपाशी गर्भारणीला पाणी पाजते, घास भरवते.

पंचमीला बाईंनी पुस्तकं वाटली. "उद्या वरून सुरीनं घडी फोडा हं," त्या हळूच म्हणाल्या.

"अगं बया! जिवतीला सुरी?" राहीबाईनं कानाला हात लावले. "पंचमीला चिरायचं नावबी काढू नये."

घरोघरी पुस्तक देव्हाऱ्यात गेलं, हळदकुंकवानं माखलं. घडी न फोडता दिसत होतं ते एवढंच: पहिल्या पानावर जिवती, मधल्या पानांवर तिच्या पायाशी निपचित पडलेली उपाशी बाई, आणि शेवटच्या पानावर त्याच बाईच्या मांडीवर गुटगुटीत बाळ. पाणी पाजणारी जिवती मिटलेल्या पानांत. दुहेरी कागद पाहून बाया म्हणाल्या, टिकाऊ हाय.

"बघ गं," राहीबाई लंकेला दाखवी, "थेंब घेतला न्हाई तिनं. पदरात पोर पडलं."

हे कानी आलं तशा बाई आपली फोडलेली प्रत घेऊन धावत गेल्या. "मावशी, हे पान बघा. देवीच पाणी पाजतेय."

राहीबाईनं नजर वळवली. "कापलेलं न्हाई बघायचं. इटाळलं ते."

लंकेनं मान उंचावून पाहिलं. सासू खाकरली तशी तिनं पदर ओढला.

चौथ्या शुक्रवारी लंका चुलीपुढं कोसळली. ती वाचली, सातव्या महिन्यातलं लेकरू नाही.

बाई भेटायला गेल्या. राहीबाई उंबऱ्यातच आडवी उभी राहिली. "तुमी सुरी लावली म्हनून जिवती कोपली. आता पाय ठेवू नका."

आतून लंकेच्या कण्हण्याचा आवाज आला. बाई दारातूनच माघारी फिरल्या.

पुढच्या आठवड्यात थोरल्या आळीतल्या रतनबाईनं निरोप धाडला: सून गरोदर हाय, एक पुस्तक द्या, पर न कापलेलं.

बाईंनी उरलेल्या सगळ्या प्रती पुढ्यात घेतल्या आणि एकेक घडी फोडली. त्यानंतर त्यांच्या दारी पुस्तक मागायला कोणी आलं नाही.