वळून गेलेलं वादळ

हवामान खात्यात ताईचं काम एकच: उपग्रहानं पाठवलेली चित्रं बघायची आणि वादळाचा डोळा कुठे सरकतोय ते सांगायचं. वडील तिला ढगूबाई म्हणत. "आमची ढगूबाई आभाळाच्याही वरून बघते," ते सांगत, "पण स्वतःचा चष्मा काही तिला सापडत नाही."

त्या दिवशी समुद्रावरच्या ढगांचं वेटोळं घट्ट होत गेलं. दुपारच्या चित्रात मधला डोळा कोरल्यासारखा गोल उमटला आणि त्याचा रोख नेमका वडिलांच्या गावाकडे होता. तिनं धाकट्या भावाला फोन लावला.

"बाबांना घेऊन आत्ताच्या आत्ता नीघ."

"ताई, त्यांना धड बसवतसुद्धा नाही. छातीत कफ भरलाय."

"घर किनाऱ्याला लागून आहे. नीघ म्हणते ना."

फोन वडिलांनी घेतला. "ढगूबाई, तुझ्या उपग्रहाला माझं छप्पर दिसतं का गं?"

"नाही, बाबा. तिथे नुसते ढग दिसतायत."

"बरं, निघतो," ते म्हणाले.

रस्ता गाड्यांनी तुंबला होता. कसेबसे ते एका शाळेत पोचले. तिथे वडिलांना गार फरशीवर चटई टाकून निजवलं.

सकाळच्या चित्रात डोळा उत्तरेला वळलेला दिसला. तिचा जीव भांड्यात पडला. चहा घ्यावा म्हणून ती उठली, तेवढ्यात भावाचा फोन आला. वडिलांचा श्वास अडकला होता. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ती गावी पोचली तेव्हा घर जसंच्या तसं उभं होतं. खिडकीतली कुंडीही पडली नव्हती.

"मी खोटं नव्हते बोलले रे."

"माहीत आहे." भावानं वडिलांचं कपाट उघडलं. "पण आपल्या अंथरुणावर गेले असते, ताई. एवढंच."

दोघं वडिलांच्या कपड्यांच्या घड्या घालत बसले, एकमेकांकडे न बघता.

पुढे भावाचं बोलणं तुटल्यातच जमा झालं. वर्षभरानं समुद्रावर ढगांनी पुन्हा वेटोळं धरलं, तेव्हा त्याचा फोन आला. खुशाली नाही, काही नाही.

"निघू का?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. डोळा अजून नीट उमटलाही नव्हता. वादळ येईलही, वळेलही.

"नीघ," ती म्हणाली.

फोन चालूच होता. पलीकडे त्यानं दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं.