उरलेलं तेल

पाठारे सरांनी कामं वाटून दिली तेव्हा मालिनीच्या वाट्याला तक्त्यातली कुणालाच नको असलेली ओळ आली. साल सत्याण्णव. राज्यातल्या वाहनांमधून कार्बन डायऑक्साइड किती सुटतो, याची मोजणी मुंबईच्या एका संस्थेत चालली होती. पेट्रोल एकाकडे, डिझेल दुसऱ्याकडे आणि इंजिनात वंगण म्हणून घालतात ते ऑइल मालिनीकडे. रसायनशास्त्राची पदवी नुकतीच हातात आलेली, नोकरी कच्ची. सरांच्या परदेशी पुस्तकात नियम होता: विकलेल्या ऑइलपैकी अर्धं जळालं असं धरायचं, अर्धं उरलं म्हणून मोजणीत धरायचं नाही.

"उरलं म्हणजे कुठे उरलं, सर?" तिने विचारलं होतं.

"पिंपात," सर म्हणाले आणि सगळे हसले.

ते हसणं तिला झोंबलं. ती त्या पिंपाच्या मागेच लागली. ती अंबरनाथची, तिचा मामेभाऊ सदू तिथेच रिक्षा चालवायचा. त्याच्या रिक्षातून ती आधी बसच्या गॅरेजात गेली. गाड्यांमधून काढलेलं काळं ऑइल पिंपात भरत होते खरं, पण पिंप तिथे राहत नव्हतं. टेंपोत चढून ते उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात, धर्मराज नावाच्या व्यापाऱ्याच्या गाळ्यात जायचं. तो ते फडक्यातून गाळून सुटं विकायचा. घेणारे रिक्षावाले. त्यांच्या इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, आणि ते पेट्रोलबरोबरच जळतं. सदू तर जरा हात सैल सोडूनच ओतायचा. इंजिन थंड राहतं म्हणे. गाळून उरलेला चोथा मोरिवलीच्या एका भट्टीत जळणाला जायचा.

थोडंफार गटारात सांडत असेल, तेवढं मालिनीने सोडून दिलं. बाकी सगळं जळत होतं. कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही, धूर म्हणजे तो नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तेल पिंपात नाही, एवढं सांगायला धूर पुरेसा होता.

तिने हे सगळं सरांपुढे मांडलं, अर्ध्याचा आकडा बदलायला हवा म्हणाली. सर नाही म्हणाले नाहीत. स्वतः येऊन बघतो म्हणाले. मालिनी इतकी हरखली की तिने सदूकडून रिक्षा धुऊन घेतली.

सर कॅमेरा घेऊन आले. रिक्षा सुरू होताच त्यांनी नाकाला रुमाल लावला तो काढलाच नाही. कॅम्पात त्यांनी पिंपांचे फोटो काढले. मोरिवलीत भट्टीसमोर स्वतः उभे राहिले आणि सदूला कॅमेऱ्याचं बटण दाबायला लावलं. भट्टीशेजारी राहणाऱ्या वेणूबाई धुराने काळवंडलेले कपडे पुन्हा धुऊन पिळत होत्या. साहेब हे बंद करायला आलेत का, असं त्यांनी विचारलं. सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

परतताना ते सहज बोलल्यासारखं बोलले, "अहवाल परवाच छापायला गेला. ऑइलचं आपण अर्धंच ठेवलंय. बाकीची राज्यं अर्धंच दाखवणार, आपणच का जास्त काळे दिसायचं? मुखपृष्ठ तेवढं अजून बाकी आहे, त्याला हा फोटो झकास होईल. आत तुझं नावही आहे गं."

मालिनीने सरांच्या रुमालाकडे पाहिलं.

"सर, नाकाला रुमाल कशाला लावलाय?"

"धूर आहे ना हा."

"कसला धूर? तेल तर पिंपात आहे."

तिने सदूला रिक्षा थांबवायला सांगितली. सदू म्हणाला, "अगं माले, स्टेशनचा रस्ता अजून अर्धा बाकी आहे."

"बाकी राहिलेलं धरायचं नाही, असं सरांचं पुस्तक सांगतं. उतरा, सर. आणि माझं नाव खोडायला सांगा."

सर रुमाल नाकाला धरूनच उतरले. सदूने मूठ पिळली तसा निळा लोट उठला आणि ते त्यात दिसेनासे झाले.

"नोकरी गेली की गं," बरंच पुढे गेल्यावर सदू म्हणाला.

"गेली. आणि उद्यापासून ते कॅम्पातलं ऑइल घ्यायचं नाहीस तू."

"वा! साहेबाचा राग आता माझ्यावर काढ."

"साहेबाचा नाही, दादा. तुझाच आहे."

सदूने आरशात पाहिलं. आरशात रिक्षाच्या धुरामुळे मागचा रस्ता दिसत नव्हता.