सत्तावीस नंबरचा नमुना

समीक्षा केदारीचा सत्तावीस नंबरवर भारी राग होता. नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, पण राग म्हणजे राग. चाळीस धडधाकट माणसांचं रक्त तिने वणवण करून गोळा केलेलं. त्यातली एकोणचाळीस शहाण्यासारखी ग्राफच्या तळाशी बसली आणि हा एक बहाद्दर उठून वर कॅन्सरच्या रुग्णांच्या पंगतीत जाऊन बसला. तीनदा तपासलं, तीनदा तिथेच. चौथ्यांदा तपासायचा तिला कंटाळा आला.

तळेगावच्या त्या प्रयोगशाळेत ती साडेतीन वर्षं एकाच प्रथिनाच्या मागे लागली होती. काइनेज म्हणतात त्या जातीचं प्रथिन. पेशीतल्या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा कण चिकटवायचा आणि कामाला लावायचं, एवढाच त्याचा धंदा. मुकादमच म्हणा ना. पण हा मुकादम बिघडला की कामगारांना घरीच जाऊ देत नाही. पेशी वाढतच राहतात, अन्ननलिकेच्या आतल्या थरातून बाहेरच्या थरात घुसतात आणि तिथून पुढे. समीक्षाच्या रुग्णांत आजार जितका पुढे गेलेला, तितकं हे काइनेज रक्तात जास्त सापडत होतं. हे खरंच धरून चालावं का, याची खात्री करायलाच निरोगी माणसं हवी होती, आणि ती तिने स्वतःच्या गावातून, तिकोणा पेठेतून, शाळेत शिबिर भरवून आणली होती.

तर या सत्तावीस नंबरला तिने सरळ बाद केलं. नळीत काहीतरी घोटाळा झाला असणार, असं वहीत लिहिलं आणि एकोणचाळीसांवर शोधनिबंध लिहून मासिकाला पाठवून दिला. चहा पिताना सोबतच्या रुपालीला म्हणालीही होती, कुणीतरी पिऊन आला असेल मेला शिबिराला. दोघी हसल्या होत्या.

श्रावणात निबंध परत आला. तपासणाऱ्याने एकच खवचट प्रश्न विचारला होता: चाळीस माणसं घेतली म्हणता, मग एक गेला कुठे? तिचे मार्गदर्शक यशोधन सर फार बोलणाऱ्यातले नव्हते. त्यांनी कपाट उघडलं आणि बंद लिफाफा काढला. नळ्या तपासताना समीक्षालाही नावं कळू नयेत म्हणून नळ्यांवरचे नंबर शिबिरानंतर सरांनीच नव्याने घातले होते, आणि कोणता नंबर कुणाचा ती यादी या लिफाफ्यात होती. सरांनी बोट खाली खाली आणलं, थांबवलं आणि कागद तिच्याकडे फिरवला.

कस्तुराबाई अंबाजी केदारी. वय अठ्ठावन्न.

समीक्षाने ते नाव तीनदा वाचलं. आपल्या आईचं नाव असं पूर्ण लिहिलेलं तिने रेशनकार्डाशिवाय कुठे पाहिलंच नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा तर ही कोण बाई, असंच तिला वाटलं. मग कळलं. सरांनी पाणी दिलं, ते हातातच राहिलं. आठ महिने! आठ महिने आई तिला ग्राफवरून ओरडून सांगत होती आणि ही लेक तिला दारुडा म्हणून हसत होती.

आणि खरा धक्का पुढेच होता. सरांनी फाइलमधून आईचा फॉर्म काढला. अक्षर समीक्षाचंच. तंबाखू, गुटखा, मिश्री? नाही. घास गिळताना त्रास? नाही. वजन घटलं? नाही. एकाखाली एक, न थांबता, घाईघाईने ओढलेले सगळे नकार.

आता हे असं का, ते सांगायलाच हवं. शिबिर दिवाळीनंतर लगेचच होतं. त्या दिवशी दुपारी एकोणचाळीस माणसं झाली होती आणि चाळिसावा सापडत नव्हता. तेवढ्यात आईच रांगेत येऊन उभी राहिली. शेजारी सर, दोन डॉक्टर, पुण्याच्या पाहुण्या बाई. कस्तुराबाई चाळीस वर्षं मिश्री लावते, दिवसातून तीनदा, पदराआड बसून. सगळ्या गावाला ठाऊक. पण डॉक्टरेट करणाऱ्या मुलीने ते सरांच्या देखत कसं लिहायचं? लाजच वाटली हो तिला. आईने तोंड उघडायच्या आत हिने टेबलाखालून तिचा पाय दाबला आणि खालपर्यंत नाही, नाही, नाही लिहून टाकलं. मिश्री लावणारी बाई निरोगी गटात घ्यायचीच नव्हती, हे तिला सगळ्यांत जास्त माहीत होतं. संध्याकाळी घरी आईला बजावलंही, की याबद्दल कुठे बोलू नकोस, कळलं तर माझं सगळं काम बाद होईल.

हे सगळं तिने सरांपुढे कबूल केलं. सर रागावले नाहीत, त्याने तिला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसत्या आकड्यावरून कुणाला आजारी ठरवता येत नाही, ते म्हणाले, आधी आईंना घेऊन या, कागदाचं मग बघू.

तिने स्कूटी काढली ती कामशेतला वळून, पवनेच्या कडेकडेने थेट पेठेत. वाटेत ती स्वतःलाच बजावत होती की नळीत घोटाळाच झाला असेल. घरी आईने नेहमीसारखं पान वाढलं, गरम भाकरी, काळ्या घेवड्याची आमटी. स्वतः मात्र जेवायला बसेना. श्रावण आहे, एकभुक्त आहे म्हणाली.

तिच्या वडिलांना, अंबाजींना, राहवलं नाही. "कसला श्रावन? दिवाळीपासनं भाकर बंद हाय हिची. पेज पिती निस्ती. इचारलं की दात दुकतोय म्हनती."

समीक्षाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. दर रविवारी ती या घरात जेवत होती. आईच्या पोलक्याच्या बाह्या ढिल्या झालेल्या, गळ्याची हाडं वर आलेली, हे तिला आज दिसलं. तिने विचारलं, घास अडकतो का? आई म्हणाली, न्हाई. दुखतं का? न्हाई. मग समीक्षाचा तोल सुटला. ती आईवर ओरडली, रडली, ताट सरकवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन गेली.

दुर्बीण घशातून खाली गेली आणि मध्येच अडली. पुढे जाईना. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, पण समीक्षाला दाखवायची गरजच नव्हती. साडेतीन वर्षं ती हेच बघत होती, फक्त दुसऱ्यांचं. तुकडा तपासायला जाणार होता, स्कॅन व्हायचा होता, पण गाठ भिंतीच्या बाहेर निघाली असावी, असं डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. आठ महिन्यांपूर्वी आला असतात तर, एवढं बोलून ते थांबले. उरलेलं वाक्य तिने स्वतःच पुरं केलं. तिच्याच निबंधात ते वेगळ्या शब्दांत लिहिलेलं होतं.

गुंगी उतरल्यावर आईला बाकावर बसवलं. डॉक्टर जरा चिडूनच म्हणाले, मावशी, एवढे दिवस गिळता येत नव्हतं आणि घरात कुणाला सांगितलं नाहीत? मुलगी तर याच आजारावर काम करते.

कस्तुराबाईने आधी समीक्षाकडे पाहिलं. बोलू का, असं विचारल्यासारखं. मग म्हणाली, "न्हाई डाक्टर, मला काय तरास न्हाई."

डॉक्टर कपाळावर हात मारून आत गेले. समीक्षा आईच्या पुढ्यात खाली फरशीवरच बसली आणि तिचे हात धरले. आई, आता तरी खोटं का बोलतेस, असं तिने विचारलं.

आईने आजूबाजूला पाहिलं. कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि खाली वाकली.

"त्या दिशी रांगंत त्येच सांगाय आल्ते. घास अडकाया लागलाय म्हनून. तू पाय दाबलास. मग सांजच्याला म्हनलीस, कळलं तर तुजं समदं काम बाद व्हईल. मग कसं सांगू? तुजा कागुद खोटा पडला आसता न्हवं?"

आईने पदराने समीक्षाचं तोंड पुसलं आणि अगदी काळजीने विचारलं, "झालं का गं तुजं काम पुरं? आता सांगितलं तर चालंल?"