गोदामातला एक सेकंद

कारखान्यातले सगळे फोन बिनतारी झाले, तरी ते सांभाळणाऱ्याला लोक तारवालेच म्हणत. त्या सकाळी तारवाले बॅटरी बदलायला साहेबांच्या खोलीत गेले, तर साहेब गोदामाच्या मावशींच्या बदलीचा कागद लिहीत होते.

"वीस वर्षं किल्ल्या सांभाळल्या बाईंनी," साहेब म्हणाले, "पण हल्ली काहीतरी लपवताहेत. फोनवर विचारतो, अमुक बेअरिंग किती? एक सेकंद गप्प. मग उत्तर. खऱ्या माणसाला वेळ लागतो का?"

"आकडा चुकतो?"

"बरोबर असतो. तेच तर खटकतं. संध्याकाळी किल्ल्या काढून घेणार."

तारवाल्यांचे कान टवकारले. लबाडीला कधी अर्धा सेकंद लागेल, कधी तीन. दर वेळी नेमका एक? इतकी शिस्त माणसात नसते.

"त्यांना त्यांचं नाव विचारा," ते म्हणाले.

साहेबांनी फोन लावून विचारलं. एक सेकंद शांतता, मग नाव आलं, आडनावासकट.

"बघा," साहेब म्हणाले, "नावसुद्धा विचार करून सांगतात."

तारवाल्यांनी हँडसेट घेतला. "मावशी, आळीपाळीनं मोजू. मी एक, तुम्ही दोन." दहापर्यंत जायला नऊ सेकंद लागले. मग ते गोदामात गेले आणि मावशींच्या समोर बसून मोजलं; चार सेकंदांत उरकलं.

आधी त्यांनी कोडेक बदलून पाहिला, म्हणजे आवाज किती दाबून पाठवायचा ते. ढिम्म फरक नाही. मग जिटर बफर उघडला आणि जीभ चावली. आवाजाचे तुकडे हवेतून मागेपुढे पोचतात, म्हणून खरखर होते. बफर म्हणजे त्यांना बसवून ठेवायची खोली. रेंगाळलेले आले की सगळ्यांना ओळीनं आत सोडायचं. गेल्या महिन्यात साहेब "खरखर नको" म्हणून मागे लागले, तेव्हा तारवाल्यांनीच वैतागून दोन्ही हँडसेटवर ही थांबायची मुदत अर्ध्या सेकंदापर्यंत ताणली होती. अर्धा जाताना, अर्धा येताना. खरखर गेली होती. आता किल्ल्याही जायच्या बेतात होत्या.

मुदत साठ मिलिसेकंदांवर आणून ते परत वर गेले. "साहेब, तो सेकंद माझा आहे." साहेबांनी पुन्हा नाव विचारलं, ते ताबडतोब आलं, जरा खरखरत. कागद फाटला.

"तुम्हाला काही जाणवलं नाही?" खाली येऊन तारवाल्यांनी मावशींना विचारलं.

"जाणवलं की. महिनाभर साहेब माझं ऐकायचे, जरा थांबायचे, मग बोलायचे. म्हटलं, वयानं माणूस सुधारतो."

एवढ्यात फोन वाजला. मावशींचा हॅलो पुरा व्हायच्या आत साहेबांनी दोन प्रश्न विचारले आणि तिसऱ्याचं उत्तर न दिल्याबद्दल रागावले.

मावशींनी फोन ठेवला. "अहो तारवाले, तो सेकंद नुसता त्यांच्या बाजूला बसवता येईल का?"

"कुठंही बसवला तरी दोघांच्या नावावर चढतो."

मावशी विचारात पडल्या, चांगल्या सेकंदभर. मग किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचत म्हणाल्या, "राहू दे. खरखर आहे ना? तेवढी काढू नका. ऐकू आलं नाही म्हणायला बरी."