मांडणीवरचा डबा

आषाढात माझ्या सासऱ्यांनी, नत्थुजींनी, तूर पेरली आणि आठव्या दिवशी ते गेले. शेजारच्या बेबीताईंनी तेव्हा पिठलं-भाकरीचा डबा आणला होता. तो तेव्हापासून आमच्या मांडणीवर पडून होता. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आमच्या वलगावची रीत, आणि भरून द्यायला सासूबाईंचं मन होत नव्हतं. मी साखर घालून देते म्हटलं, तर "हात नको लावू त्याले," म्हणाल्या. पाच महिने त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. मला वाईट वाटायचं आणि खरं सांगायचं तर रागही यायचा.

अमरावतीला एम.ए.च्या सेमिनारसाठी मला एक आजकालची अमेरिकन कथा आली. परवा तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती मी सासूबाईंना सांगितली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बायको मरते. चर्चमधल्या बाया रांधलेलं घेऊन येतात. प्रत्येक भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी.

"आपण नाव कोरतो तसं," सासूबाई म्हणाल्या.

म्हातारा सगळी भांडी धुऊन परत करतो, एक मात्र उन्हाळाभर ठेवून घेतो. शेवटी बायकोनं लावलेल्या झाडांचे तीन टमाटे त्यात घालून शेजारणीच्या दारात ठेवतो. संपली कथा.

"गाइडात लिहिलं आहे, टमाटे म्हणजे त्याचा दडपलेला राग."

"राग कावून येईन त्याले? आता कुठं सुतक फिटलं त्याचं."

"आई, अमेरिकेत सुतक नसते."

"तिथं माणसं मरत नाईत का, दामिनी? तेराव्याले थोडीच फिटते सारं."

मी गाइड मिटलं. काल सेमिनारमध्ये तिकडची रीत समजावली, आमचीही सांगितली आणि सासूबाईंचं म्हणणं मांडलं.

"हे कुठं वाचलंत?" सरांनी विचारलं.

"वाचलं नाही सर. सासूबाई म्हणाल्या."

वर्ग खो-खो हसला. सरांनी मात्र वहीत लिहून घेतलं. मी जाम खूश झाले.

संध्याकाळी घरी पोचले तर दाराला बाहेरून कडी. आत जाऊन पाहिलं, मांडणीवर डबा नव्हता आणि सोललेल्या दाण्यांचं टोपलं अर्धं झालं होतं.

भिंतीपलीकडून सासूबाईंचा आवाज आला.

"यायनं पेरलेली तूर हाये, बेबी. गोड निघाली."